वर्गाच्या मागून शिकवणाऱ्या बाई

आमच्या शाळेत नवा आलेला माणूस नववीच्या वर्गात डोकावला की हमखास गोंधळायचा. पोरं बाकांवर बसलेली, समोर लॅपटॉप उघडे, फळा कोरा आणि फळ्यापाशी कुणीच नाही. वर्ग मोकळा आहे असं समजून तो आत पाऊल टाकायचा आणि मागच्या भिंतीकडून आवाज यायचा,

"मोकळा न्हाय वर्ग. मी हाय हितं. काय काम काढलं?"

भूगोलाच्या बाई वर्गाच्या मागं उभ्या राहून शिकवत. पोरांना बाई दिसत नसत, पण बाईंना पोरांच्या सगळ्या स्क्रीन दिसत. अंथुर्ण्याच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मधली भिंत पातळ. त्यामुळं पायथागोरसाबरोबर माझ्या पोरांना मोसमी वारेही फुकटात शिकायला मिळत.

लॅपटॉप आले तेव्हा शाळेत नुसता गुलाल उधळायचा बाकी होता. कुठल्याशा कंपनीनं संस्थेला देणगी दिली होती. चेअरमन आबांनी नारळ फोडला, फोटो झाले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आम्हा मास्तर लोकांचे हाल सुरू झाले. मी फळ्याकडं तोंड केलं की मागं क्रिकेटचा सामना सुरू. इंग्रजीच्या सरांच्या तासाला एका पोरानं त्यांचाच फोटो घेऊन त्यांना मिशा लावल्या आणि सगळ्या वर्गात फिरवला. विज्ञानाचे सर तर सरळ म्हणाले, "ही ब्याद कपाटात ठेवा. तपासणीला साहेब आले की काढू." मुख्याध्यापकांनाही ते पटलं. कुलूपसुद्धा आणलं त्यांनी.

बाईंनी ते कुलूप टेबलावरून उचललं आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"पोरांसाठी आलंय ते पोरांच्या हातात राहील," त्या म्हणाल्या. "तुमाला जमत न्हाय म्हणून कपाटात? मग मलाबी कोंडा की कपाटात. मीबी कुणाला जमत न्हाय."

हे मात्र खरं होतं. बाई कुणालाच जमत नसत. लोणी भापकर हे त्यांचं गाव; लग्न केलं नव्हतं, अंथुर्ण्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या. मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. "बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला कुणीतरी दुसरीच आल्यागत वाटतं." हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून शाळेवरून जायचे. बाई तास सोडून बाहेर यायच्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि हात वर करायच्या. एवढं धूड करकचून थांबायचं.

"गाणं बंद कर. पोरं शिकत्यात."

"बाई, बाजूला व्हा की. ब्रेक लागला नसता म्हंजे?"

"लागला न्हवं? आता गाणं बंद कर."

नंतर नंतर ड्रायव्हर लोक शाळा दिसली की आपणहून आवाज बारीक करायला लागले. पण त्यात बाईंचं समाधान नव्हतं. "बारीक न्हाय, बंद," असं त्या खिडकीतून ओरडायच्या.

त्यांच्या पायात कोल्हापुरी वहाणा असत आणि त्या इतक्या करकर वाजत, की बाई कुठल्या बाकामागं आहेत ते पोरांना न बघता कळायचं. एकदा मी म्हणालो, "बाई, पोरांना पकडायचं तर साधी चप्पल घाला. पाऊल वाजायला नको."

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू मी काही वंगाळ बोललो होतो.

"चोरपावलानं यायला मी काय मांजर हाय व्हय? पोरांना कळाय पायजे मी येतीय. कळल्यावरबी ज्यो गेम बंद करत न्हाय, त्याला मी पकडती. त्यो खरा गडी."

असा एक खरा गडी होता ओंकार. एका तासाला तो मोटारींच्या शर्यतीत इतका रंगला की वहाणांची करकर त्याच्या कानावरून गेली. बाईंनी त्याला मारलं नाही, लॅपटॉपही काढून घेतला नाही. त्याला पुढं बोलावलं, त्याची स्क्रीन प्रोजेक्टरवर लावायला लावली आणि म्हणाल्या, "खेळ. पण धावतं वर्णन करायचं. मराठीत. इंग्रजी शब्द आला की गाडी थांबवायची."

भिंतीपलीकडं माझा अख्खा वर्ग कान टवकारून बसला. ओंकारची गाडी दर वळणावर थांबत होती. एक्सलरेटरला काय म्हणायचं हे त्याला सुचेना. पोरं हसून हसून बेजार. मग बाईंनी मागूनच विचारलं, "त्या रस्त्याच्या कडंला डोंगर हाय त्याच्यावर बर्फ का? आपल्या भुलेश्वराच्या डोंगरावर का न्हाय?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, तिसऱ्यानं ते खोडलं, आणि बघता बघता उंची, तापमान, अक्षांश, सगळं त्या गेममधून निघालं. तास संपल्यावर ओंकार मला व्हरांड्यात भेटला. घामानं निथळत होता. "सर, परत न्हाय गेम खेळणार," तो म्हणाला. "लय अवघड हाय."

बाईंचा वर्ग दोन शब्दांवर चालायचा. एक ‘झाकण’. बाई ‘झाकण!’ म्हणाल्या की सगळे लॅपटॉप एका दमात मिटायचे. तो खाडकन आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. "आता तोंडं उघडा," असं पाठोपाठ यायचं, आणि मग जे वाचलं ते बोलून दाखवायचं. दुसरा शब्द ‘मोकळं रान’. तासाची शेवटची दहा मिनिटं बाई मागची जागा सोडून पुढं फळ्यापाशी येत. पोरांनी इंटरनेटवर मनाला येईल ते शोधायचं, मनाला येईल ते वाचायचं. बाई बघणार नाहीत. वाईट-साईट साइट बंद करून घेतल्या होत्याच. बाकी रान मोकळं.

"ह्या येळात तुमची स्क्रीन तुमची," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "माझा शब्द हाय."

मुख्याध्यापकांना ते फारसं पटलं नव्हतं. पण बाईंशी वाद घालण्यापेक्षा ट्रॅक्टर अडवणं सोपं होतं.

त्या मोकळ्या रानात पोरं काय काय शोधायची! कुणी कबड्डीचे सामने, कुणी शेळ्यांच्या जाती, कुणी आपलंच गाव वरून कसं दिसतं ते. शेळगावची पूनम कायम शेवटच्या बाकावर बसायची. अक्षर मोत्यासारखं, बोलणं जवळपास नाहीच. तिचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, डाळिंबाचे नावाजलेले बागायतदार. झाडाला कुठला रोग पडलाय ते पानावर बोट फिरवून सांगायचे. पंचक्रोशीतले लोक त्यांना छाटणीच्या आधी बाग दाखवायला न्यायचे. अलीकडं मात्र तात्या संध्याकाळचे कुणाच्या बागेत जात नसत. का, ते शेळगावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या ऑफिसात एक मोठा टीव्ही लागला. संस्थेनं नवी व्यवस्था घेतली होती. शाळेतल्या प्रत्येक लॅपटॉपवर त्या घटकेला काय चाललंय ते त्या टीव्हीवर दिसायचं. छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात पोराचं नाव. आम्हा शिक्षकांना सांगितलं ते आठवड्यानं, आणि तेही फक्त परीक्षेच्या वेळी चालू राहील असं. पोरांना तर सांगितलंच नाही. "सांगितलं की सावध होतील," असं आमचे क्लार्क भाऊसाहेब म्हणाले. ते दिवसभर त्या टीव्हीसमोर बसायला लागले. ऑफिसात कामाला आलेले लोकही चहा घेता घेता बघत बसत. जत्रेतल्या तंबूत बसल्यासारखे.

आणि एका दुपारी, मोकळ्या रानात, पूनमच्या चौकोनात मराठीत अक्षरं उमटली: ‘वडिलांची दारू कशी सोडवावी’. त्याखाली दुसरा शोध: ‘न सांगता जेवणातून देण्याचे औषध असते का’. आणि तिसरा: ‘दारू सोडताना माणूस मरतो का’.

भाऊसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. ऑफिसात शेळगावचे दोघं बसले होते. ते हसले की नाही मला माहीत नाही. पण संध्याकाळी तात्या गावात दूध घालायला गेले तेव्हा डेअरीवर कुणीतरी विचारलं, "काय तात्या, जेवण जपून करा बरं का. औषध घालत्यात म्हणं आमटीत."

दुसऱ्या दिवसापासून पूनम शाळेत आली नाही.

बाईंना हे कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. करकर ऐकू आली, ती ऑफिसच्या दिशेनं गेली. मी मागं धावलो. बाई टीव्हीसमोर उभ्या होत्या आणि त्या चौकोनांकडं बघत होत्या. त्यांच्याच वर्गाच्या पोरांची नावं होती त्यात.

"हे कवापासून?"

"दिवाळीनंतर," भाऊसाहेब म्हणाले. "वरचा आदेश आहे बाई. शिस्तीसाठी."

"मोकळ्या रानातबी चालू असतं?"

"हे कायमच चालू असतं."

बाईंनी पदर खोचला. भिंतीपाशी गेल्या आणि टीव्हीची पिन उपसून काढली. भाऊसाहेब उठले तशी त्यांच्याकडं वळल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मी पोरांना शब्द दिला हुता, भाऊसाहेब. तुमी मला खोटी पाडली."

त्या दुपारी माझ्या मोटारसायकलवरून आम्ही शेळगावला गेलो. तात्या बागेच्या कडेला बसले होते, शुद्धीत होते. त्यांनी आम्हाला खाट दिली, पाणी दिलं, पण मान वर केली नाही. पूनमची आई दारात उभी. पूनम आत होती. खिडकीच्या फटीतून तिची ओढणी दिसत होती.

"पोरीला शाळेत पाठवा, तात्या," बाई म्हणाल्या.

"शाळा झाली तिची. मामाच्या गावाला धाडतो. हितं तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय तिनं."

"तिनं?"

"मग कुणी? घरातलं चव्हाट्यावर मांडलं."

"तिनं कुठं मांडलं? तिनं गपचूप विचारलं. चव्हाट्यावर आणलं ते आमच्या ऑफिसानं. शिव्या द्यायच्या तर आमाला द्या." बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आन तात्या, तिसरा प्रश्न ऐकला का तुमी तिचा? सोडताना माणूस मरतो का, असं विचारलं पोरीनं. तुमाला तिचं औषध इखार वाटलं. ती तुमच्या जिवाला भ्याली हुती."

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. पण बोलले ते एवढंच, "तुमाला काय जातंय बाई बोलायला. तुमचं न्हाय वाचलं गावानं."

परत येताना बाई माझ्या मागं बसल्या होत्या. अंथुर्ण्याच्या वेशीपाशी म्हणाल्या, "बरोबर बोलला त्यो माणूस." काय बरोबर, ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पालक सभा होती. चेअरमन आबा स्वतः आले होते. सभागृह भरलेलं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पूनमची आईही शेवटच्या रांगेत येऊन बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. आबांनी नव्या व्यवस्थेचं कौतुक केलं. आता एकही विद्यार्थी नजरेआड नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून मोठ्या पडद्यावर प्रोजेक्टर सुरू केला. वायर जोडायचं काम माझ्याकडं होतं.

बाई मागच्या भिंतीपाशी उभ्या होत्या, सवयीप्रमाणं. तिथून चालत पुढं आल्या. सगळ्या सभागृहानं त्या वहाणा ऐकल्या.

"सर," त्या मला म्हणाल्या, "आधी माझा फोन लावा."

मी आबांकडं बघितलं. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. बाईंनी फोन माझ्या हातात दिला होता, आणि मी जोडला.

"ज्याला पोरांचं बघायचंय, त्यानं आधी आपलं दाखवावं," बाई सभेकडं तोंड करून म्हणाल्या. "मी गेल्या महिन्यात काय काय शोधलं ते हाय ह्यात. मीच वाचती."

आणि त्या वाचायला लागल्या. गुडघेदुखीवर लेप. लोक हसले. हिवाळ्यात ओव्याचा काढा. आणखी हसले. ‘विद्यार्थी आपला राग करतात हे कसे ओळखावे.’ हसणं थोडं कमी झालं. ‘एकट्या बाईने आजारपणात कुणाला कळवावे.’ आता कुणी हसत नव्हतं. शेवटच्या ओळीआधी बाईंनी चष्मा नीट केला आणि तशाच खणखणीत आवाजात वाचली: ‘अबोला धरलेल्या बहिणीशी बोलायला सुरुवात कशी करावी.’

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करत होतो. त्यांना बहीण आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"झालं माझं," बाई म्हणाल्या. "आता आबा, तुमचा फोन द्या."

आबांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशावर गेला.

"बाई, ही काय पद्धत झाली?"

"का? अडचण काय?"

"अहो, माणसाचं खासगी काही असतं की नाही?"

"असतं न्हवं?" बाई म्हणाल्या. "मग झालं तर. माझं दुसरं म्हणणंच न्हाय."

पुरुषांच्या बाजूनं एक पालक उठला. "पण बाई, पोरं कायबी बघत्यात. कुणीतरी नजर ठेवायलाच पायजे की."

"पायजेच. म्हणून तर मी मागं उभी राहती. पण माझी नजर पोरांना ठाऊक असती. पोरगं वळून मला विचारू शकतं, बाई, का बघता? मला उत्तर द्यावं लागतं. त्या ऑफिसातल्या डबड्याला कोण विचारणार? आन त्याच्यासमोर चहा पीत कोण कोण बसलंय, ते तरी पोरांना कुठं ठाऊक?"

बायकांच्या बाजूनं कुजबुज वाढली. एक आई बसल्या जागेवरून म्हणाली, "आमची पोरं काय चोर हायती का? काढा त्यो टीव्ही." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. आबा ‘विचार करू, विचार करू’ म्हणत राहिले. सभा चहापर्यंत पोचलीच नाही. पूनमची आई कधी उठून गेली ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी शाळेच्या फाटकापाशी तात्यांची मोटारसायकल थांबली. मागं पूनम, पाठीवर दप्तर. ती उतरली आणि खाली मान घालून आत पळाली. तात्या गाडीवरच बसून राहिले. बाई फाटकाशी गेल्या. मी दोन पावलांवर होतो.

मग तात्यांनी विचारलं, "बहिणीला फोन केला का, बाई?"

"न्हाय अजून," बाई म्हणाल्या. "तुमी डॉक्टरकडं गेला का?"

"न्हाय अजून."

मग तात्यांनी गाडीला किक मारली.

पुढं ते बारामतीच्या एका डॉक्टरांकडं गेले. चार महिने सुटली, मग एका लग्नात पुन्हा घेतली, मग पुन्हा गेले. आताही जातात. पूनम त्यांना गाडीवर मागं बसून घेऊन जाते असं गावात म्हणतात, म्हणजे पत्ता चुकू नये म्हणून. ती आता बारावीला आहे. बाईंनी बहिणीला फोन केला की नाही, ते मला कधीच कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

टीव्ही ऑफिसातच राहिला, पण चौकोन गेले. त्यावर आता सामने बघतात. पालकांनी ओरडा केला म्हणून व्यवस्था आमच्या शाळेपुरती ‘तात्पुरती स्थगित’ झाली. कागदावर तसं आहे. बाईंना आधी कारणे दाखवा नोटीस आली. मालमत्तेची पिन उपसली, सभेत शिस्त मोडली, अध्यक्षांचा अवमान केला. बाईंनी उत्तरात लिहिलं, ‘तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.’ मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, "बाई, माफीची एक ओळ टाका हो. निवृत्तीला आलात." बाई म्हणाल्या, "माफी मी पोरांची मागितलीय. वर्गात, उभी राहून. तुमाला अजून कशाला पायजे?"

मग बदलीचा आदेश आला. संस्थेची पार टोकाची शाखा, तिकडं भीमेकाठी. तिथं जायला कुणी तयार नसायचं. भाऊसाहेबांनीच तो आदेश बाईंना दिला. ते जरा ओशाळले होते. सही घेताना खुर्ची पुढं केली. बाई उभ्यानंच वाचत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाई, आपण सगळे मिळून आबांकडं जाऊ. रद्द करून आणू."

त्यांनी मला हातानं थांबवलं.

"भाऊसाहेब," त्यांनी विचारलं, "तिकडच्या शाळेत ती पोरांवर नजर ठेवायची व्यवस्था हाय का हो?"

"आहे ना बाई," भाऊसाहेब म्हणाले. "ती फक्त आपल्याकडंच बंद झालीय. बाकी सगळ्या शाखांत चालू आहे."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि सही केली.

"मग तर मला गेलंच पायजे," त्या म्हणाल्या.